बारावी सायन्स की डिप्लोमा? कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या पदवीआधीची निवड

दहावीनंतर कॉम्प्युटर इंजिनिअरिंगची पदवी हाती येईपर्यंत महाराष्ट्रात साधारण सहा वर्षे लागतात, मग वाट कोणतीही धरा. अकरावी-बारावी सायन्सची दोन वर्षे, त्यानंतर सीईटी आणि पदवीची चार वर्षे, ही एक वाट झाली. पॉलिटेक्निकमधला तीन वर्षांचा डिप्लोमा आणि त्यानंतर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेऊन आणखी तीन वर्षे, ही दुसरी वाट. विद्यार्थी तिला ‘डायरेक्ट सेकंड इयर’ किंवा ‘डी टू डी’ (डिप्लोमा टू डिग्री) म्हणतात. दोन्हीकडे बेरीज सहाच येते आणि शेवटी मिळणारे पदवी प्रमाणपत्रही एकच असते. त्यामुळे डिप्लोमा केल्याने वर्ष वाया जाते, किंवा उलट वर्ष वाचते, हे नातेवाइकांच्या बैठकीत हमखास ऐकू येणारे दोन्ही दावे बाजूला ठेवून सुरुवात करणे बरे.

‘ज्याचे डोके प्रॅक्टिकल त्याने डिप्लोमा करावा, ज्याला थिअरी जमते त्याने बारावी करावी’ हे विधानही तितकेच सर्रास केले जाते, आणि तेही फारसे उपयोगाचे नाही. कारण ज्या पदवीकडे दोघांना जायचे आहे ती एकच आहे आणि तिथे दोन्ही गोष्टी लागतात. खरा फरक असा आहे की बारावीची वाट संगणक पुढे ढकलते आणि डिप्लोमाची वाट गणित पुढे ढकलते. पदवीच्या दुसऱ्या वर्षी हे दोन्ही विद्यार्थी एकाच वर्गात येऊन बसतात, तेव्हा ज्याची जी उधारी राहिलेली असते ती तिथे वसूल होते. हे नीट समजण्यासाठी दोन्ही वाटांवर प्रत्यक्षात काय शिकवले जाते, ते पाहावे लागेल.

बारावी सायन्सच्या गणिताचा पहिलाच धडा तर्कशास्त्राचा आहे. त्यात ‘आणि’, ‘किंवा’, ‘नाही’ या जोडांनी बनलेल्या विधानांचे सत्यता-तक्ते मांडायचे असतात, आणि त्याच धड्याच्या शेवटी हे तर्क विजेच्या स्विचच्या जोडणीला लावून दाखवले आहेत. संगणकाच्या पोटात जे चालते त्याची ही अगदी थेट ओळख आहे, पण वर्गात ती बहुधा ‘हमखास गुणांचा धडा’ म्हणून उरकली जाते. पुढे मॅट्रिक्स, व्हेक्टर, लिनियर प्रोग्रामिंग, डिफरन्सिएशन, इंटिग्रेशन, डिफरन्शियल इक्वेशन आणि संभाव्यतेची वितरणे येतात. आज मशीन लर्निंग म्हणून जे शिकवले जाते त्याचा पाया व्हेक्टर, मॅट्रिक्स, डिफरन्सिएशन आणि संभाव्यता याच चार गोष्टींवर उभा आहे. म्हणजे बारावीच्या विद्यार्थ्याने कदाचित एकही प्रोग्रॅम लिहिलेला नसेल, पण पुढे लागणाऱ्या गणिताशी त्याची गाठ पडलेली असते. भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र यांच्या प्रयोगवह्या तो भरतो. संगणकाच्या प्रयोगशाळेत मात्र त्याला, वेगळा विषय निवडला नसेल तर, पाऊलही टाकावे लागत नाही.

डिप्लोमाचे चित्र बरोबर उलटे आहे. महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाच्या कॉम्प्युटर शाखेच्या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षाच्या दोन सत्रांत गणित असते. लॉगॅरिदम, त्रिकोणमिती, मॅट्रिक्स, डिफरन्सिएशन, इंटिग्रेशन असे बरेच काही त्यात येते. ‘डिप्लोमाला गणितच नसते’ असे म्हणणे चूक आहे. तिसऱ्या सत्रापासून मात्र सी प्लस प्लस, डेटा स्ट्रक्चर, डेटाबेस, डिजिटल टेक्निक्स, जावा, मायक्रोप्रोसेसर, ऑपरेटिंग सिस्टिम, सॉफ्टवेअर टेस्टिंग, पायथन, मोबाइल ॲप अशी विषयांची रांग लागते आणि गणित हा स्वतंत्र विषय म्हणून जवळपास नाहीसा होतो. अडचण इथे आहे. विद्यार्थी गणित शिकलेला असतो, पण सलग दोन वर्षे ते वापरत नाही. आणि सतराव्या-अठराव्या वर्षी दोन वर्षे हात न लावलेले इंटिग्रेशन एकोणिसाव्या वर्षी हाताशी राहत नाही.

यात भर म्हणजे थेट दुसऱ्या वर्षाला येताना पदवीच्या पहिल्या वर्षाचे गणित त्याने पाहिलेलेच नसते. दुसऱ्या वर्षाच्या गणितात, विद्यापीठ कोणते यावर तपशील बदलत असले तरी, लाप्लास ट्रान्सफॉर्म, फूरियर, संभाव्यता, संख्याशास्त्र अशा गोष्टी असतात आणि ‘पहिल्या वर्षीचे येते’ असे गृहीत धरूनच शिकवायला सुरुवात होते. ज्याला मंडळी ‘एम थ्री’ म्हणतात त्या गणिताच्या पेपरात डायरेक्ट सेकंड इयरच्या मुलांच्या केटी (म्हणजे नापास होऊन मागे राहिलेले विषय) का राहतात, याचे उत्तर त्यांच्या बुद्धीत शोधण्याचे कारण नाही. ते या मधल्या खंडात आहे. शिवाय थेट दुसऱ्या वर्षाचे प्रवेश बहुतेक वेळा वर्ग सुरू झाल्यानंतर पूर्ण होतात, त्यामुळे पहिले काही आठवडे आधीच निसटलेले असतात.

आता हीच गोष्ट दुसऱ्या बाजूने पाहू. बारावीहून आलेल्या विद्यार्थ्याचे पदवीचे पहिले वर्ष सर्व शाखांना बरेचसे समान असते. गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, मेकॅनिक्स, ड्रॉइंग आणि जेमतेम एखादा प्रोग्रॅमिंगचा विषय. म्हणजे संगणकाची पदवी घ्यायची म्हणून दहावीनंतर निघालेला हा विद्यार्थी संगणकाच्या मूळ विषयांपर्यंत चौथ्या वर्षी पोहोचतो. त्याच्या शेजारच्या बाकावर बसलेल्या डिप्लोमाच्या मुलाने लिंक्ड लिस्ट, स्टॅक आणि क्यू या माहिती साठवण्याच्या रचना स्वतः लिहून, चुकवून, दुरुस्त करून, प्रयोगवहीत सही घेऊन झालेली असते. पहिल्या सत्रात डिप्लोमाचा विद्यार्थी पुढे असतो आणि प्रयोगशाळेत बाकीचे त्याच्याभोवती जमतात.

ही आघाडी टिकतेच असे नाही, आणि त्याचे कारण एका छोट्या उदाहरणाने सांगता येईल. वर्णानुक्रमे लावलेल्या दहा लाख नावांच्या यादीतून एक नाव शोधायचे आहे. मधोमध पाहायचे, हवे ते नाव अलीकडे आहे की पलीकडे हे ठरवायचे, अर्धी यादी टाकून द्यायची आणि उरलेल्या अर्ध्या यादीत पुन्हा तेच करायचे, ही ‘बायनरी सर्च’ची पद्धत. डिप्लोमामध्ये हा प्रोग्रॅम लिहून चालवून दाखवावा लागतो, आणि डिप्लोमाचा चांगला विद्यार्थी तो दहा मिनिटांत लिहितो. पदवीला तोच विषय त्याच नावाने पुन्हा येतो, पण प्रश्न बदललेला असतो: जास्तीत जास्त किती वेळा पाहावे लागेल, आणि ते सिद्ध कसे कराल? दोनाला वीस वेळा गुणत गेले की १०,४८,५७६ ही संख्या येते, म्हणून दहा लाख नावांसाठी सुमारे वीस तुलना पुरतात. यादी दुप्पट झाली तर फक्त एक तुलना वाढते. हा विचार लॉगॅरिदमचा आहे, प्रोग्रॅमचा नाही. ‘हे आमचे झालेले आहे’ असे म्हणून मागच्या बाकावर निवांत बसलेल्या डिप्लोमाच्या विद्यार्थ्याला हा बदल लक्षात यायला कधी कधी पूर्ण सत्र लागते. तिसऱ्या वर्षी थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन सुरू झाले की तर काय लिहून चालवायचे हाच प्रश्न उरत नाही. तिथे सगळे काम सिद्धतेचे असते. उलट बारावीच्या वाटेने आलेला, आकडेमोडीत तरबेज पण कीबोर्डला बिचकणारा विद्यार्थी अंतिम वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये अहवाल लिहिण्याचे काम स्वतःकडे घेतो आणि कोड दुसऱ्यावर सोडतो, हेही नेहमीचे दृश्य आहे.

अभ्यासक्रमाइतकाच फरक प्रवेशाच्या पद्धतीत आहे. बारावीच्या वाटेवर जवळपास सगळे वजन एका परीक्षेवर पडते. एमएचटी-सीईटीच्या भौतिक, रसायन आणि गणित गटात एकूण १५० प्रश्न आणि २०० गुण असतात. त्यातले १०० गुण एकट्या गणिताचे, कारण गणिताच्या ५० प्रश्नांना प्रत्येकी दोन गुण आहेत. साधारण २० टक्के भार अकरावीच्या आणि ८० टक्के बारावीच्या अभ्यासक्रमाचा असतो आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. परीक्षा अनेक सत्रांत होत असल्यामुळे निकाल टक्क्यांत न देता पर्सेंटाइलमध्ये देतात. ९५ पर्सेंटाइल म्हणजे ९५ टक्के गुण नव्हेत. त्या सत्राला बसलेल्यांपैकी ९५ टक्के विद्यार्थी तुमच्याइतक्या किंवा तुमच्यापेक्षा कमी गुणांवर आहेत, एवढाच त्याचा अर्थ. बारावी बोर्डाचे गुण इथे मुख्यतः पात्रतेपुरते लागतात: भौतिकशास्त्र आणि गणित अनिवार्य धरून ठरलेल्या तीन विषयांत खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के आणि राज्यातील राखीव प्रवर्गांना ४० टक्के. याचा परिणाम सगळ्यांना ठाऊक आहे. कनिष्ठ महाविद्यालयाचे वर्ग ओस पडतात, क्लास भरतात, आणि ‘इंटिग्रेटेड’ या गोंडस नावाखाली महाविद्यालय क्लासच्याच इमारतीत चालते. ज्या घराला क्लासची फी परवडत नाही त्या घरातला मुलगा किंवा मुलगी या शर्यतीत मागून सुरुवात करते, हे उघड बोलले पाहिजे.

डिप्लोमाला प्रवेश दहावीच्या गुणांवर मिळतो आणि पुढे पदवीच्या दुसऱ्या वर्षाचा प्रवेश डिप्लोमाच्या गुणांवर. मध्ये सीईटी नाही. जोखीम एका परीक्षेवर न राहता अनेक सत्रांवर पसरते. परीक्षेच्या धास्तीने गळून जाणाऱ्या विद्यार्थ्यासाठी हा मोठा दिलासा आहे. पण यातली एक आकडेमोड प्रवेशाच्या वेळी कोणी समजावून सांगत नाही. पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षासाठी मंजूर प्रवेशक्षमतेच्या १० टक्के जागा वाढीव मिळतात. त्याशिवाय पहिल्या वर्षाच्या ज्या जागा रिकाम्या राहिल्या असतील त्या भरल्या जातात. साठ जागांच्या तुकडीला म्हणजे वाढीव सहा जागा. नामांकित महाविद्यालयात कॉम्प्युटरच्या जागा रिकाम्या राहतच नाहीत, म्हणून तिथे स्पर्धा त्या सहाच जागांसाठी असते आणि ती डिप्लोमात ९० टक्क्यांच्या वर गुण मिळवणाऱ्यांमध्ये असते. बाकीच्या महाविद्यालयांत जागा मिळण्याची फारशी अडचण नसते. म्हणून ‘डिप्लोमा केला की पदवीचा प्रवेश नक्की’ हे वाक्य खरे आहे, फक्त कोणत्या महाविद्यालयातला, हा प्रश्न त्यात वगळलेला आहे. किमान पात्रता इथेही खुल्या प्रवर्गाला ४५ आणि राखीव प्रवर्गांना ४० टक्के आहे.

आयआयटीचे स्वप्न असेल तर प्रश्न तिथेच मिटतो: तिथे थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश नसतो, आणि जेईईचा अभ्यासक्रम अकरावी-बारावीच्या भौतिक, रसायन आणि गणितावर बेतलेला आहे. डिप्लोमा करता करता त्याची तयारी करण्याचा सल्ला मी कोणालाही देणार नाही.

आता मागे फिरण्याच्या शक्यतेबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाचा निर्णय बदलू शकतो आणि दोन्ही वाटांवर मागे फिरण्याची किंमत सारखी नाही. बारावी सायन्स झालेल्याला सीईटीत अपेक्षित पर्सेंटाइल मिळाले नाही, तरी त्याच्या हाती बारावीचे प्रमाणपत्र असते. तो बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सला जाऊ शकतो, बीसीएची स्वतंत्र सीईटी देऊ शकतो, संगणक सोडून कायदा, वाणिज्य किंवा एनडीए असे काहीही निवडू शकतो. एवढेच नव्हे, तर बारावी सायन्सनंतर डिप्लोमाच्याच थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेण्याची सोय आहे. त्या वाटेने पदवीपर्यंत सहाऐवजी सात वर्षे लागतात, पण वाट बंद होत नाही. डिप्लोमाच्या बाबतीत असे नाही. पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षी विषय झेपेना म्हणून किंवा केटी साचून ‘वाय डी’ (इयर डाउन, म्हणजे पुढच्या वर्षात न जाता येणे) लागला म्हणून शिक्षण सोडले, तर कागदोपत्री तो विद्यार्थी दहावी उत्तीर्णच राहतो आणि त्याला अकरावीपासून सुरुवात करावी लागते. डिप्लोमा पूर्ण केला तर मात्र हातात एक स्वतंत्र, नोकरीला चालणारे प्रमाणपत्र येते, जे बारावी सायन्सच्या नुसत्या गुणपत्रिकेपेक्षा वजनदार असते. थोडक्यात, डिप्लोमा अर्ध्यावर सोडणे महाग पडते आणि तो पूर्ण करणे फायद्याचे ठरते. घरात अचानक कमावण्याची गरज पडू शकते अशी स्थिती असेल, तर एकोणिसाव्या वर्षी हाती पडणाऱ्या या कागदाचे मोल फार आहे. मात्र कॉम्प्युटर शाखेत नुसत्या डिप्लोमावर मिळणाऱ्या नोकऱ्या बहुधा सपोर्ट, हार्डवेअर, नेटवर्क आणि टेस्टिंगच्या असतात, आणि सॉफ्टवेअर कंपन्यांची मोठी भरती पदवीधरांचीच होते, हेही आधी माहीत असावे.

भरतीचा विषय निघालाच आहे तर एक गैरसमज दूर करतो. कॅम्पसला येणाऱ्या अनेक कंपन्या दहावी, बारावी किंवा डिप्लोमा, आणि पदवी अशा प्रत्येक टप्प्यावर ६० टक्क्यांची अट ठेवतात. या अटीत ‘बारावी किंवा डिप्लोमा’ असे लिहिलेले असते, त्यामुळे डिप्लोमावाल्याला बारावी नाही म्हणून डावलले जाते, ही भीती अनाठायी आहे. परदेशी एमएस करायचे असेल तरी दोन्ही वाटांनी शिक्षणाची एकूण वर्षे सोळाच भरतात.

या दोन वाटांच्या मध्ये एक पायवाटही आहे, आणि तिच्याकडे जितके लक्ष जायला हवे तितके जात नाही. काही कनिष्ठ महाविद्यालयांत अकरावी-बारावी सायन्सला द्विलक्ष्यी म्हणजे ‘बायफोकल’ विषय घेता येतो. दुसरी भाषा आणि जीवशास्त्रासारखा एक विषय सोडून त्यांच्या जागी २०० गुणांचा कॉम्प्युटर सायन्स हा विषय घ्यायचा. त्यात सी प्लस प्लस, डेटा स्ट्रक्चर, एचटीएमएल आणि ८०८५ मायक्रोप्रोसेसर यांचा समावेश राहत आला आहे, आणि प्रात्यक्षिकांना चांगले वजन असते. भौतिक, रसायन आणि गणित हे तिन्ही विषय तसेच राहतात, म्हणजे सीईटीची वाट खुलीच राहते. विद्यार्थी हा विषय बहुधा जीवशास्त्र टाळण्यासाठी आणि गुण वाढवण्यासाठी घेतात, आणि सीईटीत त्याचा एकही प्रश्न नसल्यामुळे बारावीच्या दुसऱ्या सत्रात त्याकडे दुर्लक्ष करतात. तरीही, ज्याला पदवी संगणकाचीच करायची आहे आणि ज्याचे गणित बरे आहे, त्याच्यासाठी मला ही सर्वांत समतोल निवड वाटते. गणित पुढे ढकलले जात नाही आणि संगणकही पूर्ण ढकलला जात नाही. जागा थोड्या आहेत आणि सगळ्या महाविद्यालयांत हा विषय नाही, ही तिची खरी अडचण.

आयटीआयचा कॉम्प्युटर ऑपरेटर अँड प्रोग्रॅमिंग असिस्टंट हा ट्रेड, जो ‘कोपा’ म्हणून ओळखला जातो, तो एका वर्षाचा आहे आणि त्याचा रोख कार्यालयीन कामाकडे आहे. पदवीकडे जाण्याची पायरी म्हणून तो निवडू नये.

मग ठरवायचे कसे? दहावीचे गणिताचे पुस्तक उघडून एक गोष्ट स्वतःशी प्रामाणिकपणे तपासावी. गणितात गुण कमी पडले ते घाईमुळे, सराव कमी पडल्यामुळे, की गणित मुळातच नकोसे वाटते म्हणून? गणित टाळण्यासाठी डिप्लोमा घेणे हा या सगळ्या निवडीतला सर्वांत महागडा चुकीचा निर्णय आहे, कारण ते गणित पदवीच्या दुसऱ्या वर्षी अधिक अवघड होऊन समोर येते, आणि तेव्हा ते शिकायला वेळही कमी असतो. गणित ठीक आहे, प्रोग्रॅमिंगची गोडी आधीच लागलेली आहे, आणि एखाद्या शासकीय किंवा स्वायत्त पॉलिटेक्निकला प्रवेश मिळतो आहे, अशी तिन्ही उत्तरे होकारार्थी असतील, तर डिप्लोमा निर्धास्तपणे घ्यावा. कोणती शाखा घ्यायची याबद्दलच मनात गोंधळ असेल, तर बारावी करून दोन वर्षे विचाराला मिळवावीत. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्यांसाठी एक मुद्दा वेगळा आहे: सायन्सला अकरावीत एकदम इंग्रजीत उडी मारावी लागते, तर डिप्लोमाला मंडळाने मराठी-इंग्रजी असा द्विभाषिक पर्याय उपलब्ध करून दिलेला आहे. फीच्या बाबतीत एवढेच लक्षात ठेवावे की शासनाच्या शिष्यवृत्ती आणि फी सवलतींसाठी प्रवेश साधारणपणे कॅप म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या फेरीतून घेतलेला असावा लागतो, व्यवस्थापन कोट्यातून नव्हे. आणि पात्रतेचे नियम दर वर्षी थोडेफार बदलत असल्यामुळे त्या वर्षीची अधिकृत माहिती पुस्तिका स्वतः वाचावी, दलालाच्या तोंडून ऐकू नये.

डिप्लोमा निवडलाच, तर त्याच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी आठवड्यातून दोन संध्याकाळी बारावी गणिताच्या दुसऱ्या भागातली डिफरन्सिएशन, इंटिग्रेशन आणि संभाव्यतेची प्रकरणे सोडवत राहावीत. बालभारतीचे पुस्तक त्यासाठी पुरेसे आहे आणि ते संकेतस्थळावर मोफत मिळते. सहावे सत्र संपल्यापासून पदवीचे वर्ग सुरू होईपर्यंतच्या सुटीत पदवीच्या पहिल्या वर्षाच्या गणितातली निदान मॅट्रिक्स आणि डिफरन्शियल इक्वेशन ही प्रकरणे पाहून ठेवावीत. बारावी निवडली असेल, तर सीईटी संपल्यावर कॅपच्या फेऱ्यांची वाट पाहण्यात जे दोन-तीन महिने जातात, त्यांत सी किंवा पायथन यांपैकी एक भाषा घेऊन रोज एक छोटा प्रोग्रॅम लिहावा, आणि पहिला प्रोग्रॅम दहा लाख नावांतून एक नाव शोधण्याचाच घ्यावा.